जुन्या पिकपची सगळी लॉकं एकाच चावीवर आणायची आहेत? आधी इग्निशनचं ठरवा

पेडण्याहून एका भावाने विचारलंय की कुडचड्याहून जुनी डिझेल पिकप घेतली, गाडीबरोबर तीन वेगवेगळ्या चाव्या मिळाल्या, एक इग्निशनची, एक ड्रायव्हरच्या दाराची, एक डिझेल टाकीच्या झाकणाची, आणि क्लीनर साइडच्या दाराला चावीच नाही. आधीच्या मालकाकडे दोन-तीन ड्रायव्हर होते, त्यांच्याकडे डुप्लिकेट चाव्या असतील म्हणून रात्री गाडी भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, कडेला लावली की झोप लागत नाही. यूट्यूबवर बघितलं की लॉक उघडून आतल्या पत्त्या कानशीने घासल्या की कुठलीही चावी बसते, तर हे घरी करता येईल का आणि करावं का.

करता येतं. मी फोंड्याकडे बरीच वर्षं गाड्यांच्या लॉकचं आणि चाव्यांचं काम करतोय आणि ज्याचा हात जरा बारीक कामाला बसलेला आहे त्याला दाराची लॉकं घरी जमतात असं माझं मत आहे. पण कानशीचा जो उपाय बघितला तो तुमच्या कामाचा नाही, कारण तुमचा प्रश्न फक्त तीन चाव्यांची एक करायची एवढाच नाहीये. खरा प्रश्न हा की बाहेर फिरणाऱ्या जुन्या चाव्या बाद व्हायला हव्यात, आणि घासलेलं लॉक जुन्या चावीलाच काय, कुठल्याही चावीला जास्तच सोपं होतं. ते कसं ते पुढे सांगतो, आधी लॉक आतून कसं असतं ते समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

गाडीच्या लॉकमध्ये बाहेरचं एक घर असतं, बहुतेक वेळा जस्ताच्या ओतकामाचं, आणि त्यात फिरणारा एक गोल कोअर असतो. कोअरला आडव्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक पातळ पितळी पत्ती, तिच्या मधोमध चौकोनी भोक, बाजूला एक बारीक स्प्रिंग. चावी नसते तेव्हा स्प्रिंग पत्तीला ढकलते, ती कोअरच्या बाहेर येऊन घराच्या खाचेत अडकते म्हणून कोअर फिरत नाही. बरोबर चावी घातली की प्रत्येक पत्ती आपापल्या उंचीवर ओढली जाते आणि सगळ्या एकदम कोअरच्या गोलाईत सपाट बसतात, मग लॉक फिरतं. पत्त्या तीन-चार नंबरच्या असतात, एकातून दुसऱ्यात भोकाची जागा साधारण अर्ध्या मिलिमीटरने वरखाली, आणि बऱ्याच पत्त्यांवर नंबर ठोकलेला असतो, जुनी असेल तर भिंगातून बघा. म्हणजे लॉकला नवी चावी लावणं याचा अर्थ एवढाच की नव्या चावीच्या खाचांप्रमाणे कुठल्या नंबरची पत्ती कुठे जाईल ते बदलायचं. घर तेच, कोअर तोच.

आता काहीही उघडण्याआधी तीन गोष्टी तपासा, सगळं पुढचं यावर अवलंबून आहे आणि गाडी बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगू शकत नाही. पहिली, इग्निशनची चावी बाकीच्या सगळ्या लॉकमध्ये टोकापर्यंत शिरते का. फिरायला नको, फक्त शिरायला हवी. शिरत नसेल तर त्या लॉकचं चावीचं भोकच वेगळ्या आकाराचं आहे, कोणीतरी मध्ये लोकल हँडल बसवलंय, आणि तिथे पत्त्या बदलून काहीच होणार नाही, त्या आकाराचं दुसरं बॅरलच, म्हणजे घर आणि कोअर मिळून अख्खा तुकडा, लागेल. दुसरी, इग्निशन चालू करून चावी बाहेर ओढून बघा, गाडी उभी असताना. ऑनवर असताना चावी निघून हातात आली तर लॉक किंवा चावी, नाहीतर दोन्ही झिजलेले आहेत. तिसरी, चावीचं डोकं जाड प्लॅस्टिकचं आहे का आणि डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लागतो का. लागत असेल तर आत चिप आहे, मग पत्त्या कितीही बरोबर बसवल्या तरी चिप प्रोग्रॅम केल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. जुन्या टाटा २०७ किंवा तसल्याच जुन्या माल वाहणाऱ्या गाड्यांत साधी लोखंडी चावी असली तर हा त्रास नसतो.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं दुसऱ्या तपासणीत तुमचं इग्निशन नापास होईल, मालवाहू गाडीचं इग्निशन दिवसातून किती वेळा फिरतं विचार करा. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे, त्या मॉडेलचं नवीन इग्निशन लॉक दोन चाव्यांसकट मिळत असेल तर तेवढं एक विकत घ्या आणि दारं, झाकण त्या नवीन चावीवर आणा. याने तीन कामं एकदम होतात. जुन्या ड्रायव्हरांच्या चाव्या बाद होतात, झिजलेलं लॉक जातं आणि तुमच्या हातात कारखान्याच्या मापाची न झिजलेली चावी येते. शिवाय जुन्या इग्निशनमधल्या पत्त्या तुम्हाला दारासाठी वापरायला मिळतात, कारण सुट्या पत्त्या बाजारात मागायला गेलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. पूर्ण लॉक सेट मिळाला तर मग काही करायचंच नाही, तोच बसवा, पण जुन्या गाडीला पूर्ण सेट मिळणं नशिबाचं काम आणि मिळाला तर महाग.

नवीन इग्निशन मिळत नसेल आणि जुनं झिजलेलं नसेल तर त्याच्याच पत्त्यांची अदलाबदल करून जुन्या चाव्या बाद करता येतात. समजा पत्त्यांचा क्रम २-३-१-२-४-३ आहे. पहिली आणि पाचवी बदलली की ४-३-१-२-२-३ होतं, जुनी चावी फिरणार नाही. पण दुसरी आणि पाचवी बदललीत तर २-४-१-२-३-३ होईल, त्यात ४ च्या शेजारी १ आलं, म्हणजे चावीवर एकदम खोल खाच आणि लगेच उंच टेकडी, अशी चावी आत जाताना अडते, बाहेर काढताना अडते आणि काही महिन्यांत तिथेच मोडते. शेजारच्या दोन नंबरांत दोनपेक्षा जास्त फरक ठेवू नका. आणि चावी दोन्ही बाजूंनी कापलेली असेल तर पत्त्या एक आड एक वेगवेगळ्या बाजूच्या असतात, ज्या बाजूची पत्ती त्याच बाजूच्या खाचेत अदलाबदल करा.

मग या क्रमाची चावी कापून घ्यायची, आणि इथे लोक फार घाई करतात. चावी आधी, लॉक नंतर, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढली की झीजही कॉपी होते, त्या डुप्लिकेटवरून परत डुप्लिकेट काढली की अजून थोडी, आणि मग माणूस त्या चुकीच्या चावीला लॉक जुळवत बसतो. नंबरवरून चावी कापणारा चावीवाला शोधा, त्याला पत्त्यांचे नंबर क्रमाने लिहून द्या, चावीच्या डोक्याकडून टोकाकडे. मूळ चावीबरोबर कधीकधी छोटा पत्र्याचा बिल्ला असतो किंवा दाराच्या बॅरलवर कोड ठोकलेला असतो, तो मिळाला तर त्याचा फोटो काढून ठेवा पण कुठे टाकू नका, त्या कोडवरून कोणीही चावी कापून घेऊ शकतो. दोन चाव्या एकदमच कापून घ्या, एक रोजची आणि एक घरात ठेवायची, पुढे डुप्लिकेट काढायची वेळ आली तर त्या घरातल्या चावीवरून.

दारातल्या लॉकवरून इग्निशनची चावी बनवायला जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत दाराच्या बॅरलमध्ये सगळ्या पत्त्या भरलेल्या नसतात, इग्निशनपेक्षा कमी असतात, म्हणून दारावरून बनवलेली चावी दार उघडेल आणि इग्निशनमध्ये मुकाट बसून राहील. उलट मात्र चालतं, इग्निशनची चावी पक्की झाली की दारं तिच्यामागे आणणं सोपं आहे.

दाराचं काम असं. काच पूर्ण वर घ्या, नाहीतर हात मागे जायला जागा मिळत नाही. काच फिरवायच्या हँडलच्या मागे एक तारेची क्लिप असते, जुन्या कपड्याची पट्टी हँडलच्या मागून घालून बूट पुसल्यासारखी इकडून तिकडे ओढली की ती निघते, उडून जाईल म्हणून दुसरा हात समोर धरा. मग आतलं हँडल, हात ठेवायचा तुकडा, डोअर पॅडच्या क्लिपा. पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो तो फाडू नका, हळू सोडवा आणि नंतर परत नीट चिकटवा, हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडच्या पावसात काचेच्या रबरातून पाणी दाराच्या आत उतरतंच, तो कागद त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं लाल मातीने बुजलेली असतात, उघडलंच आहे तर तीही मोकळी करा.

आत बॅरलच्या मागून एक सळई लॉकच्या मशीनकडे जाते, तिची प्लॅस्टिकची क्लिप जुन्या गाडीत हात लावला की तुटते, एक-दोन नवीन आणून ठेवा. ती सोडवली की घोड्याच्या नालेसारखी सपाट क्लिप दिसेल, तीच बॅरलला दारात धरून ठेवते, बाजूला सरकवून काढा. काही गाड्यांत पूर्ण बाहेरचं हँडलच बॅरलसकट उतरवावं लागतं. बॅरल हातात आलं की मागचा पाय, म्हणजे सळई अडकते तो तुकडा, कुठल्या दिशेला आहे, स्प्रिंगचं टोक कुठे अडकवलंय याचा फोटो काढा, मगच सर्कलिप, म्हणजे कोअरला मागून धरणारी गोल क्लिप, काढा. लॉकच्या तोंडावर स्टीलची पातळ टोपी दाबून बसवलेली असेल तर ती सावकाश उचलावी लागते, आतमध्ये धूळ अडवायची छोटी झडप आणि तिची स्प्रिंग असते.

कोअर बाहेर काढताना चावी आतच ठेवायची, हे विसरू नका. चावीशिवाय ओढला तर पत्त्या आणि स्प्रिंगा बाहेर उडतात आणि कुठली कुठे होती ते कळत नाही. खाली पांढरा जुना टॉवेल पसरा आणि हे काम घरात टेबलावर करा, अंगणात नको, मातीत पडलेली ती स्प्रिंग सापडत नाही. क्लीनर साइडला तुमच्याकडे चावीच नाही, काही बॅरलांमध्ये सर्कलिप काढल्यावर चावीशिवायही कोअर सरळ पुढे सरकतो कारण घराच्या खाचा लांबीभर असतात, तसं झालं तर बरं, अडला तर जोर लावू नका, तेवढं बॅरल खिशात घालून चावीवाल्याकडे न्या.

आता जुनी चावी काढून सगळ्या पत्त्या चिमट्याने बाहेर घ्या, नंबराप्रमाणे वेगळ्या ठेवा. नवीन चावी कोअरमध्ये घाला आणि एकेका खाचेत पत्ती टाकून बोट फिरवून बघा, जी कोअरच्या गोलाईच्या वर येत नाही आणि आत दबलेलीही नाही ती त्या जागेची पत्ती. नखाला जराही लागली की नंबर चुकला. सगळ्या जुळल्या की स्प्रिंगांसकट परत बसवा, चावी काढा, प्रत्येक पत्ती बाहेर आली का बघा, परत घाला, सगळ्या सपाट झाल्या का बघा. स्प्रिंग गंजलेली असेल तर तीच परत टाकू नका, एक मेलेली स्प्रिंग म्हणजे एक पत्ती नसल्यासारखंच. भंगारातून त्याच भोकाच्या आकाराची एक-दोन जुनी बॅरलं आणून ठेवलीत तर पत्त्या आणि स्प्रिंगा दोन्हीची सोय होते.

कानशीबद्दल. चुकीच्या नंबरची पत्ती घासली की तिचं बाहेर आलेलं टोक तुमच्या चावीपुरतं सपाट होतं हे खरं, पण पत्तीच आखूड झाली. चावी काढल्यावर ती स्प्रिंगने घराच्या खाचेत जेवढी शिरायला हवी तेवढी शिरत नाही, आणि अशा चार-पाच पत्त्या झाल्या की लॉक शेजारच्या रिक्षाच्या चावीनेही फिरतं, चपट्या स्क्रू ड्रायव्हरनेही फिरतं. माझ्याकडे अशी घासलेली लॉकं येतात, मालकाला वाटत असतं गाडी बंद आहे. बरोबर नंबरची पत्ती असून केसभर वर लागत असेल तर बारीक कानशीचा एखादा हात चालतो, त्यापलीकडे नाही. क्लीनर साइडच्या दारात एखाद्या जागी नंबर मिळालाच नाही तर ती एक पत्ती न टाकता सोडा, ते घासण्यापेक्षा बरं. इग्निशनमध्ये मात्र एकही पत्ती सोडू नका आणि घासू नका.

इग्निशनला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बऱ्याच गाड्यांत चावी एसीसीवर, म्हणजे लॉक आणि ऑनच्या मधल्या जागी, फिरवली की घरावरच्या बारीक भोकातून एक पिन दाबता येते, जाड तार किंवा बारीक पोगर घालून ती दाबायची आणि चावीला धरून बॅरल सरळ बाहेर ओढायचं. एवढंच असेल तर काम दारापेक्षा सोपं आहे. पण पूर्ण स्टेअरिंग लॉक बदलायचं असेल तर ते कॉलमला, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याच्या नळीला, ज्या बोल्टांनी धरलेलं असतं त्यांची डोकी कारखान्यातच तोडलेली असतात, पाना लागूच नये म्हणून. ते मध्ये ठोकून ड्रिल करावे लागतात किंवा कडेला छिन्नीने खाच पाडून फिरवावे लागतात, आणि कॉलमवर मोठी हातोडी मारली की आतलं बेअरिंग जातं, काही गाड्यांत कॉलम अपघातात दबायला बनवलेला असतो त्याचं नुकसान होतं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने घरी करू नये असं मला मनापासून वाटतं, बॅरल तुम्ही तयार करा आणि एवढं बसवायचं काम गॅरेजला द्या. बसवताना डोकी तुटणारेच नवीन बोल्ट वापरायला सांगा, साधे बोल्ट लावले तर चोराला दोन मिनिटांचं काम.

बसवल्यावर रस्त्यावर जायच्या आधीची तपासणी कोणाच्याही भरवशावर सोडू नका. चावी फक्त लॉक पोझिशनलाच बाहेर निघायला हवी, एसीसीला नाही, ऑनला नाही. स्टार्टवरून सोडली की ती स्वतःहून ऑनवर परत यायला हवी, तिथे अडकून राहिली तर स्टार्टर फिरत राहतो आणि जळतो. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, लॉकचा खिळा कुठे घासल्याचा आवाज यायला नको. आणि तुमची गाडी जुनी डिझेल आहे म्हणून हे खास, इंजिन बंद करायला वेगळी ओढायची केबल असेल तर चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं, म्हणजे झिजलेल्या लॉकमधून चालत्या गाडीत चावी निघू शकते आणि स्टेअरिंग लॉक पडू शकतं. अनमोडच्या उतारावर माल भरून हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. इग्निशनच्या बाबतीत मी जो कडकपणा करतोय तो चोरीसाठी कमी आणि यासाठी जास्त आहे.

तेलाचं थोडं. आपल्याकडे दर्याचा खारा वारा, चार महिने दमट हवा आणि वर लाल धूळ, त्यामुळे लॉकच्या जस्ताच्या घराला पांढरी भुकटी धरते आणि स्प्रिंगा गंजतात. मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी झाकणाच्या लॉकपर्यंत गेलेलं असतं. बॅरल उघडलंय तेव्हाच पेट्रोलने किंवा ब्रेक क्लीनरने जुन्या टूथब्रशने स्वच्छ करा, विडीकाडीपासून लांब, पूर्ण वाळू द्या आणि ग्रॅफाइट पावडर किंवा सुकणारा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे मारा. इंजिन ऑइल नको, त्यात धूळ बसून चिखल होतो. खोबरेल तर अजिबातच नको, घरात सगळ्यांच्या हाताशी असतं म्हणून लोक घालतात, पण ते २४ अंशांच्या खाली थिजतं, जानेवारीच्या पहाटे बाटलीत गोठलेलं आपण बघतोच, लॉकमध्येही तेच होतं आणि पत्त्या अडकून बसतात. पावडर मिळाली नाही तर मऊ पेन्सिल चावीवर घासून चार वेळा आत-बाहेर करा, दर पावसाळ्यानंतर एकदा केलं तरी पुरे.

टाकीच्या झाकणावर वेळ घालवू नका, त्यात दोन-चारच पत्त्या असतात, जुळल्या तर जुळवा, नाहीतर नवीन झाकण घेऊन वेगळी चावी त्याच रिंगमध्ये ठेवा.

कागदांचंही बघा. फॉर्म २९-३० भरून आरसी तुमच्या नावावर झाली नसेल तर ते आधी करा, चांगला चावीवाला आरसी बघितल्याशिवाय नंबरवरून चावी कापत नाही आणि कापू नये. नवीन इग्निशनचं बिल जपून ठेवा आणि विमा कंपनीला लॉक बदलल्याचं लेखी कळवा, कारण गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी ते सगळ्या चाव्या मागतात आणि तुमच्या चाव्या मूळ चाव्यांशी जुळत नाहीत म्हटल्यावर प्रश्न सुरू होतात. जुन्या तिन्ही चाव्याही फेकू नका, बिलाबरोबर एकाच पाकिटात ठेवा.

आता तुम्ही एवढं करा, इग्निशनची चावी बाकीच्या लॉकमध्ये टोकापर्यंत जाते का आणि ऑनवर असताना बाहेर निघते का ते बघून कळवा, गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, आणि इंजिन बंद करायला केबल आहे का तेही सांगा. चावीचा किंवा कोडचा फोटो टाकू नका, स्टेअरिंगच्या खालचं कव्हर काढून लॉकच्या घराचा फोटो टाका, पिनचं भोक दिसलं तर इग्निशनही तुमच्या हाताने होईल.